पथ्य, पण आमच्या घरात मावेल असं

सीलिअ‍ॅकचं निदान झालं की हातात एक छापील कागद मिळतो. (या आजारात गहू, जव, राय या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं.) गहू, जव आणि राय कायमचे बंद. तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, डाळी, भाज्या, फळं, दूध, अंडी चालतील. प्रत्येक पाकिटावरचं लेबल वाचा, भांडी वेगळी ठेवा, बाहेर खाताना विचारून घ्या, त्रास झाला तर कळवा. कागदात खोट काढण्यासारखं काही नसतं. पण तो लिहिणाऱ्याने डोळ्यांसमोर एक ठरावीक माणूस धरलेला असतो. पोटात दुखलं तर ते पोटातच दुखतंय हे त्या माणसाला कळतं. आवडीची वस्तू बंद झाली तर तो कुरकुरत का होईना दुसरी खातो. आणि त्याच्या घरी कोणीतरी एक जण दररोज, न विसरता, बारीक अक्षरातली लेबलं वाचतो. आमच्या घरात असं कोणीच नव्हतं.

थोरला ऑटिस्टिक आहे. धाकटीला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जातं, आणि मलाही आहे. माझं मला पस्तिशी उलटल्यावर, तिच्या तपासण्या चालू असताना कळलं. मुलाच्या प्रश्नावलीवर खुणा करता करता आईला किंवा बापाला स्वतःचं शाळेतलं दप्तर आठवायला लागतं, असं बऱ्याच घरांत होतं. एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्के धरतात, तेव्हा त्यात नवल नाही. नवऱ्याला कसलंही नाव चिकटलेलं नाही. त्याला ठरलेला क्रम लागतो, ठरलेला कप लागतो, आणि पाहुणे जरा जास्त बसले की तो उठून भांडी घासायला लागतो. सीलिअ‍ॅक आधी सापडलं ते थोरल्यात.

सापडायला उशीर झाला, कारण त्याची प्रत्येक तक्रार ऑटिझमच्या खात्यात जमा होत होती. झोप तुटते? ऑटिझम. चिडचिड? ऑटिझम. मोजके पदार्थच खातो? मग तर ऑटिझमच. टेबलाच्या कडेवर पोट दाबून तो बराच वेळ वाकून उभा राहायचा. ती त्याची दाबाची गरज आहे असं आम्हाला सांगण्यात आलं आणि ते पटण्यासारखंही होतं, कारण त्याला घट्ट दाब खरोखर आवडतो. तोंड वरचेवर यायचं. पोट साफ होत नसे. सीलिअ‍ॅक म्हणजे जुलाब आणि फुगलेलं पोट अशी सगळ्यांची समजूत असते, त्यामुळे बद्धकोष्ठतेवरून कोणाच्या मनात ते आलंच नाही. खरं तर मुलांमध्ये हा आजार बद्धकोष्ठता, खुंटलेली उंची, न भरून येणारं लोह, दातांच्या खराब एनॅमलपर्यंत कुठल्याही वेषात येतो.

आणि तो सांगायचा नाही. लपवत होता असं नाही. 'दुखतंय का?' विचारलं तर 'नाही' म्हणायचा आणि 'कुठे दुखतंय?' विचारलं तर 'पाय'. भूक, तहान, लघवीची जाणीव, वेदना असे शरीराच्या आतून येणारे इशारे ओळखणं आणि त्यांची जागा सांगणं बऱ्याच ऑटिस्टिक माणसांना अवघड जातं. त्याच्या बाबतीत हे इतकं टोकाचं आहे की ताप आलेला त्याला कपाळाला हात लावून आम्ही सांगतो, तेव्हा कळतो.

शेवटी बालरोगतज्ज्ञांनी त्याच्याकडे बघणं सोडून त्याच्या वाढीच्या तक्त्याकडे बघितलं. आधी वजनाची रेघ खाली वळलेली, तिच्यामागोमाग उंचीची. "हा वागण्याचा प्रश्न नाही, तुम्ही आधी रक्त तपासून घ्या," त्या म्हणाल्या. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या शरीरातल्याच एका विकराविरुद्ध बनणाऱ्या आयजीए प्रकारच्या प्रतिपिंडांची, म्हणजे टीटीजीची तपासणी लिहिली आणि तिच्याबरोबर एकूण आयजीए किती आहे तीही. ही दुसरी तपासणी सहज गाळली जाते. सीलिअ‍ॅक असलेल्या काही जणांच्या शरीरात आयजीए मुळातच फार कमी बनतं, मग टीटीजी-आयजीए 'नॉर्मल' येतं आणि आजार तसाच राहून जातो. आमचं एकूण आयजीए ठीक होतं, टीटीजी वाढलेलं होतं.

पण हवं तेवढं वाढलेलं नव्हतं, आणि इथून पुढचा भाग आम्हाला जड गेला. मुलांसाठीच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी 2012 पासून एक वाट मोकळी केली आहे. टीटीजी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेपेक्षा दहापट किंवा अधिक असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात एंडोमायसियल नावाची आणखी एका प्रकारची प्रतिपिंडंही सापडली, तर काही अटींवर एंडोस्कोपीशिवाय निदान करता येतं. 2020 मध्ये त्या अटी आणखी सैल झाल्या. रुग्णालयाच्या वासानेच कान झाकून घेणाऱ्या मुलाच्या आईबापांना ही सूचना किती मोलाची वाटते ते काय सांगू. आमचा आकडा त्या दहापटीच्या अलीकडे थांबला. म्हणजे भूल, एंडोस्कोपी, बायोप्सी.

त्याहून वाईट म्हणजे बायोप्सी होईपर्यंत गहू चालू ठेवायचा होता. ग्लुटेन बंद केलं की आतड्याचा अस्तर भरून यायला लागतो, प्रतिपिंडं उतरायला लागतात आणि तपासणी फसवी ठरते. पुढे कधी पक्कं करायचं म्हटलं तर पुन्हा काही आठवडे मुद्दाम ग्लुटेन खायला घालावं लागतं. ज्याने मुलाला त्रास होतोय हे जवळजवळ नक्की माहीत आहे, तेच रोज त्याच्या ताटात वाढायचं. आईने फोनवर विचारलं, "अगं, मग बंद का नाही करत?" मी सगळं समजावून सांगितलं आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडले. पोटविकारतज्ज्ञ मात्र या बाबतीत ठाम होते, आणि आज मी कोणालाही तेच सांगेन: शंका आली तर आधी रक्त द्या, पथ्य नंतर.

मधल्या दिवसांत आम्ही तयारी केली. रुग्णालयाला आधी कळवून सकाळची पहिली वेळ मागितली, म्हणजे उपाशी ताटकळणं कमी. त्या खोलीचे, पलंगाचे, मास्कचे फोटो मागवून चित्रांची गोष्ट बनवली: आधी हे, मग हे, मग झोप, मग घरी. सुई टोचण्याच्या जागी बधिर करणारं मलम घरूनच लावून गेलो. कानाला त्याचे हेडफोन. 'काही दुखणार नाही' असं मी त्याला एकदाही म्हटलं नाही. 'घसा दुसऱ्या दिवशीपर्यंत खवखवेल' असं सांगितलं, तो खवखवला, आणि त्यामुळे माझ्यावरचा त्याचा भरवसा टिकला. डॉक्टरांनी ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, वेगवेगळ्या जागांहून तुकडे घेतले, कारण खराबी सगळीकडे सारखी नसते, मध्ये मध्ये चांगला भागही असतो. अहवालात मार्श 3 आलं; मार्श ही आतड्याची खराबी मोजायची श्रेणी. आतड्याच्या आतल्या, अन्न शोषून घेणाऱ्या बोटांसारख्या व्हिलाय सपाट झालेल्या होत्या. तो खात होता त्यातलं पुरेसं अंगाला लागतच नव्हतं.

निदान नातेवाइकांपर्यंत पोहोचलं आणि एक वेगळीच लाट आली. "म्हणजे गहू बंद केला की त्याचा ऑटिझम जाईल!" नणंदेने तर आनंदाने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. यावर मी आता सरळ बोलते, कारण मुळमुळीत बोलून उपयोग होत नाही. ग्लुटेन आणि दुधातलं केसीन बंद केल्याने ऑटिझमची लक्षणं कमी होतात का, याचा 2008 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्याने हिशेब मांडला तेव्हा पुरावा तोकडाच निघाला होता. 2013 मध्ये स्वीडनमधल्या बायोप्सीच्या नोंदींवरून झालेल्या मोठ्या अभ्यासात, सीलिअ‍ॅकचं निदान झालेल्यांमध्ये आधी ऑटिझमचं निदान जास्त सापडतं असं काही दिसलं नाही. मात्र ज्यांचं आतडं ठीक पण रक्तात प्रतिपिंडं होती, त्यांच्यात ते जास्त दिसलं. म्हणजे धागा पूर्णपणे तुटलेला आहे असंही नाही, पण त्यावरून ताट बदलून मेंदूची घडण बदलते असा अर्थ काढणं म्हणजे धाडस झालं.

आमच्या घरात काय झालं? पथ्य सुरू झाल्यावर काही महिन्यांत तो रात्रभर झोपायला लागला. भडकणं कमी झालं. थेरपीत टिकून बसायला लागला. नणंद म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" मी म्हटलं, "वन्सं, तो ऑटिस्टिकच आहे, फक्त आता त्याचं पोट दुखत नाही." दुखऱ्या पोटाने कोणीही चिडेल, फक्त बाकीच्यांच्या चिडण्याला कोणी मेंदूचं निदान लावत नाही. आणि या गैरसमजाचा खरा तोटा दुसरीकडे होतो. ऑटिस्टिक मुलाचं ग्लुटेन तपासणीविना बंद करून टाकलं जातं, मग सीलिअ‍ॅक आहे की नाही हे कधीच नीट कळत नाही, आणि आधीच चार पदार्थांवर जगणाऱ्या मुलाच्या ताटातले दोन उडतात.

ताट हा आमचा सगळ्यात मोठा डोंगर होता. थोरला खायचा त्या गोष्टी: एका ठरावीक कंपनीची बिस्किटं, एका ठरावीक प्रकारचा ब्रेड कडा काढून, एकाच आकाराचा पास्ता. रंग फिकट, चव रोज तीच, कुरकुरीतपणा रोज तेवढाच. त्याला या पदार्थांत सुरक्षित वाटायचं आणि नेमके तेच सगळे गव्हाचे. आहारतज्ज्ञांच्या कागदावर 'ग्लुटेनमुक्त ब्रेड वापरा' अशी एक ओळ होती. ग्लुटेनमुक्त ब्रेड हातात घेऊन बघा एकदा. तो वेगळ्या तऱ्हेने तुटतो, त्याला वेगळा वास येतो, भाजल्यावर वेगळा आवाज येतो. पिठाला धरून ठेवणारा जो चिवटपणा असतो तोच मुळी ग्लुटेनचा. चव समजून घेण्याआधी या मुलाला हे सगळे फरक दिसतात.

फीडिंगचं काम करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने पहिल्याच भेटीत एक गोष्ट बजावली: नवा ब्रेड जुन्याच्या पाकिटात घालून देऊ नका. अशी फसवणूक एकदाच चालते आणि त्यानंतर मूल जुनाही सोडतं. म्हणून आम्ही त्याला उघड सांगितलं की जुना ब्रेड संपला, तो परत येणार नाही, आणि का. तो ओरडला, रडला, बरेच दिवस रोज सकाळी विचारत राहिला. आम्ही रोज तेच उत्तर त्याच शब्दांत दिलं. त्याच वेळी, तो आधीपासून खात होता त्यातलं काय ग्लुटेनशिवायचं आहे याची यादी केली: साधा भात, उकडलेलं अंडं, केळं, तळलेला बटाटा, दूध. यादी छोटी होती पण ती त्याची होती. पहिले कित्येक आठवडे तो त्यावरच जगला आणि आम्ही जगू दिलं. नवी वस्तू वेगळ्या ताटलीत, त्याच्यापासून हातभर लांब. खाण्याची सक्ती नाही, चाखण्याचीही नाही. मक्याचा पास्ता त्या ताटलीत इतक्या वेळा आला आणि न शिवता परत गेला की मीच त्याला कंटाळले. एके दिवशी त्याने एक तुकडा उचलला, नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला. थेरपिस्टला मी हे असं सांगितलं जणू काही मूल बोर्डात पहिलं आलं.

खरा दरवाजा मात्र आकड्यांनी उघडला. त्याला नियम आवडतात, 'थोडंसुद्धा नको' ही भाषा आवडत नाही. थोडंसुद्धा म्हणजे किती? तेव्हा नवऱ्याने त्याच्याशी बसून हिशेब केला. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार 'ग्लुटेनमुक्त' म्हणायला किलोमागे जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम ग्लुटेन चालतं. सीलिअ‍ॅकच्या बहुतेक माणसांचं आतडं दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत सोसतं असं धरतात. साध्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये ढोबळमानाने दोन ग्रॅम ग्लुटेन असतं. भागाकार त्याने स्वतः केला: स्लाइसचा दोनशेवा भाग. मग त्याला तो डोळ्यांनी बघायचा होता. ब्रेड घरात आणणार नव्हतो, म्हणून कागदाची स्लाइस कापली, तिचे दोनशे चौकोन आखले, आणि त्यातला एक त्याने पाकिटात घालून भिंतीला लावला. 'चुकून पडलेला कण' म्हणजे काय हे तेव्हा त्याला आणि, प्रामाणिकपणे सांगायचं तर, आम्हालाही कळलं.

त्यानंतर तो घरातला निरीक्षक झाला. लेबलावर माल्ट दिसलं की 'जव' म्हणून ओरडतो, सोया सॉसच्या बाटलीवर गहू शोधून दाखवतो, मैदा आणि रवा ही गव्हाचीच नावं आहेत हे पाहुण्यांना न विचारता सांगतो. विलेम डिके हा त्याचा नायक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, ब्रेड मिळेनासा झाला आणि हा डच बालरोगतज्ज्ञ ज्यांच्यावर उपचार करत होता ती सीलिअ‍ॅकची मुलं उपासमारीच्या काळातही सुधारताना दिसली. गव्हाबद्दलचा त्याचा प्रबंध 1950 चा. त्याआधी 1920 च्या दशकापासून सिडनी हास नावाच्या डॉक्टरांचा केळ्यांचा आहार गाजत होता. मुलं बरी व्हायची, श्रेय केळ्यांना जायचं. 'खरं तर गहू नव्हता म्हणून!' हे वाक्य थोरला इतक्या तिडिकीने म्हणतो, जसं काही श्रेय त्याचंच चोरीला गेलं होतं.

नियमांचं हे प्रेम दुसऱ्या बाजूनेही आलं, तेही लिहायला हवं. काही महिन्यांनी तो सुरक्षित गोष्टींनाही घाबरायला लागला. हात इतके धुवायचा की कातडी सोलली. केळ्याच्या सालीला कोणाचा हात लागला असेल म्हणून केळं बंद. वजन, जे कुठे वर चढत होतं, ते थांबलं. खाण्याच्या या टाळाटाळीला एआरएफआयडी असं नाव 2013 च्या डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात मिळालेलं आहे. त्यात बारीक दिसण्याची इच्छा नसते, तर खाण्याची भीती, अन्नाच्या पोताचा त्रास किंवा भुकेचाच अभाव असतो. सीलिअ‍ॅकच्या पथ्यात सावधगिरी नेमकी कुठे संपते आणि हा त्रास कुठे सुरू होतो हे ओळखणं कठीण, कारण दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून मला बरीच धावपळ करावी लागली. त्या दोघांनी मिळून त्याला नियमांचा उलटा कागद करून दिला: कधी तपासायचं *नाही*. न सोललेलं फळ धुतलं की झालं. घरातल्या ताटाला प्रश्न नाही. हात साबणाने एकदा धुतले की ग्लुटेन निघतं, दुसऱ्यांदा धुतल्याने आणखी निघत नाही. नियमांवर प्रेम करणाऱ्याला सूटही नियमातूनच द्यावी लागते.

आता घर. पुस्तकी सल्ला असा असतो की एकाच स्वयंपाकघरात दोन्ही नांदू शकतात: वेगळा टोस्टर, वेगळी चाळणी, वेगळे लाकडी चमचे, लोणी-जामच्या वेगळ्या बरण्या, रंगांच्या खुणा. दोन एडीएचडीची माणसं असलेल्या स्वयंपाकघरात हे चालणार नाही, हे मला कळायला प्रयोगाची गरज नव्हती. माझ्या हातातला चमचा गॅसपाशी पोहोचेपर्यंत तो कशाला आणला होता हे मला आठवत नाही. धाकटी उघडते ते झाकण लावत नाही. म्हणून निर्णय एकच: गहू उंबऱ्याच्या आत येणार नाही. ज्याला खायचा त्याने बाहेर खावा. लक्षात ठेवायच्या गोष्टी जितक्या कमी, तितकं सुरक्षित; इच्छाशक्तीवर आमच्याकडे काहीच उभं राहत नाही.

लेबलांचंही तसंच. कंपन्या घटक बदलतात, म्हणून तीच वस्तू दर वेळी नव्याने वाचावी लागते, आणि कंटाळवाणी गोष्ट दर वेळी नव्याने करणं हीच माझी सगळ्यात कच्ची बाजू. आम्ही पाकिटातल्या वस्तूच कमी केल्या. धान्य, डाळ, भाजी, अंडी यांना लेबल लागत नाही. सुट्या धान्यात मात्र गव्हाचे दाणे किंवा पीठ मिसळलेलं असू शकतं, म्हणून धान्य बंद पाकिटातलं आणि पीठ घरी दळलेलं. ओट्स फक्त ग्लुटेनमुक्त असा स्पष्ट शिक्का असलेले, कारण साधे ओट्स शेतापासून गिरणीपर्यंत गव्हाच्या संगतीत असतात. वाचून झालं की नवरा पाकिटावर टिकली चिकटवतो. टिकली नसलेलं पाकीट कोणी उघडायचं नाही, मीही नाही. खरेदी मी एकटी, कानाला काही लावून, ठरलेल्या क्रमाने करते. औषधाच्या गोळ्यांत भर घालायला स्टार्च असतो. तो बहुतेकदा मक्याचा असतो, तरी औषधविक्रेत्याला विचारतो, आणि विचारायचं लक्षात राहावं म्हणून ते प्रिस्क्रिप्शनवरच लिहून घेतो.

शाळेशी बोलणं तुलनेने सोपं गेलं. डब्याचं सगळ्यांच्या लक्षात येतं, मातीकामाचं येत नाही. रंगीत खेळण्याच्या पिठात गहू असतो, आणि लहान मुलांचे हात तोंडात जातात. कागदाच्या लगद्याच्या कामाला लागणारी खळही पिठाचीच. हात पुसायला सॅनिटायझर ठेवलेलं होतं; त्याने जंतू मरतात, ग्लुटेन जागेवरच राहतं. वर्गशिक्षिकेला आम्ही एकच पान दिलं. त्यावर 'पोट दुखलं तर फोन करा' असं लिहिलं नाही, कारण तो सांगणार नाही. त्याऐवजी दिसणाऱ्या खुणा लिहिल्या: बाकाच्या कडेवर पोट दाबणं, एकाएकी गप्प होणं, तोंडात फोड, आवाजाचा जास्त त्रास. घरी आम्हीही 'कसं वाटतंय?' विचारणं सोडलं आहे. 'पोट कडक आहे की मऊ? हात लावून बघ' असं विचारलं की तो खरोखर हात लावून बघतो आणि बरोबर सांगतो.

टीटीजी हळूहळू उतरलं. लोक पथ्य सुरू केल्यावर महिन्याभरात आकड्याची वाट बघतात, पण तो नॉर्मलला यायला वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. लोह आणि ड जीवनसत्त्व आधी सुधारलं. उंचीची रेघ वर वळली तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी तक्ता त्याच्याच हातात दिला.

राहिलं बाकी कुटुंब. आईबाप आणि भावंडांमध्ये दहातल्या सुमारे एकाला सीलिअ‍ॅक निघू शकतं, काहीही त्रास नसला तरी, म्हणून सगळ्यांनी तपासून घ्यायचं असतं. हे आम्ही बरेच दिवस ढकललं, कारण माझ्या यादीत जे पुढच्या आठवड्यात असतं ते कायम पुढच्याच आठवड्यात राहतं. माझं काही निघालं नाही. नवऱ्याचं निघालं. त्याला पोटाचा त्रास कधीच नव्हता. हिमोग्लोबिन कायम कमी, आणि त्याचं कारण कोणी शोधलं नव्हतं. एंडोस्कोपीनंतर तो घरी आला, भिंतीवरचा दोनशेवा भाग बघितला आणि म्हणाला, "ठीक आहे." त्याच्या आयुष्यात फरक एवढाच पडला की ऑफिसातलं खाणं बंद झालं; रोज तोच डबा, आणि हे त्याला मनापासून आवडतं. पथ्याच्या कागदातला माणूस अखेर आमच्याकडे निघाला, तोही असा.

धाकटीचा गुंता वेगळा आहे. एचएलए डीक्यू2 आणि डीक्यू8 ही दोन्ही जनुकं नसतील तर सीलिअ‍ॅकची शक्यता जवळजवळ संपते. त्यांतलं एखादं तरी सामान्य माणसांतल्या तीस ते चाळीस टक्के लोकांत असतं आणि बहुतेकांना आयुष्यात काही होत नाही. तिच्यात डीक्यू2 आहे, प्रतिपिंडं नाहीत. म्हणजे आज नाही, पुढे होऊ शकतं, म्हणून अधूनमधून रक्त. त्यात ती एडीएचडीसाठी मेथिलफेनिडेट घेते आणि त्याने दुपारची भूक मरते, वजन रेंगाळतं. तेव्हा तिच्या तक्त्यावरची रेघ खाली झुकली की प्रश्न पडतो: हे औषध आहे की दादाचा आजार? डॉक्टरांनी औषधाच्या वेळा बदलून, सकाळी औषधाआधी भरपेट न्याहारी आणि रात्री उशिरा आणखी एक खाणं असं बसवून दिलं आहे. तरी रेघ हलली की टीटीजी होतंच.

आणि ती तपासणी खरी यायची तर तिच्या पोटात नियमित गहू जायला हवा, जो आमच्या घरात येतच नाही. म्हणून शाळेत दुपारी ती मुद्दाम गव्हाचं खाते, ब्रेड किंवा बिस्किटं, आणि तिच्या एकटीच्या वाट्याला आलेल्या या चैनीची ती घरी येऊन सविस्तर वर्णनं करते. थोरला दारातच उभा असतो. तिने चपला काढल्या की आधी हात, मग तोंड, मग दप्तराचा पुढचा कप्पा रिकामा, असा क्रम त्याने लिहून लावला आहे. ती रोज त्यातली एक पायरी विसरते आणि तो रोज तिला परत पाठवतो.